एक तप

भट्टी विझवत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी
मुल्लाणींनी सांगितलं,
निळ्या काचेच्या चष्म्यातून आत बघत.
विझली की काच थिजते, विटा तडकतात,
मग फोडायचीच.
म्हणून ती अकरा वर्षं नऊ महिने पेटती होती
माहुल रोडवर, तेलाच्या टाक्यांच्या सावलीत,
दिवाळीला, संपात, टाळेबंदीत,
माझ्या बाळंतपणाच्या रजेत
आणि मुल्लाणींच्या सासऱ्याच्या मयतीतसुद्धा.

एक तप, असं आमचे दमणिया शेठ म्हणतात.
गुजराती माणूस, पण शब्द नेमका सापडलाय.
मार्चमध्ये तप पुरं होणार, भट्टी नव्याने बांधायची,
आणि जे जळण आत्ता ठरेल
तेच पुढचं तपभर जळेल.

फाईल माझ्याकडे आली. खरेदी विभाग, दुसरं टेबल.

हायड्रोजनचा दर तिप्पट, तोही तोंडी.
लेखी मागितला तर म्हणाले, मॅडम, प्रकल्प अजून कागदावर आहे.
म्हटलं, मग कागदावरच द्या ना.
पाइप आणायचा तर बंदराची जमीन, रेल्वेचा रूळ,
महापालिकेचा नाला,
आणि मधे एक कुंपण, ज्याचा मालक
तिन्ही कार्यालयांत वेगवेगळा.
विजेचं म्हणाल तर सहा मेगावॅट जादा.
सबस्टेशनचा साहेब सज्जन. खुर्ची दिली, चहा दिला,
मेगावॅट तीन वर्षांनी देतो म्हणाला.
तेवढ्यासाठीही कुठेतरी कोळसाच जळणार,
आमच्या नाकापासून लांब, एवढंच.

बँकेच्या कर्णिक बाईंनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
परतफेड एकोणीस वर्षं. भट्टीचं आयुष्य बारा.
"मग वरच्या सात वर्षांत काय गहाण ठेवणार?"
त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या करतो आम्ही.
गिऱ्हाइकाला हिरवी बाटली हवी,
म्हणजे तपकिरीच, पण धूर न करता केलेली.
बाटलीमागे साठ पैसे जास्त म्हटल्यावर
त्याला अचानक दुसरा फोन आला.
तीच बाटली आमच्या गव्हाणपाड्यातल्या खोलीत
रात्री दोन वाजता मी हलवून उघडते,
चमचा धरते. पोरीच्या छातीत शिट्टी वाजते.
एकदा ती पावती फाईलला लावून पाहिली.
रकाना नव्हता. काढून पर्समध्ये ठेवली.

मुल्लाणींचं दुखणं निराळंच.
चाचणीची ज्योत बघायला शेठनी त्यांना पुण्याकडे पाठवलं होतं.
"दिसतच नाही," आल्या आल्या म्हणाले.
"तीस वर्षं रंग वाचतोय मी. शेंदरी झाली की हवा वाढव,
पांढरी पडली की आवर.
ही आहे का नाही, ते काय हात घालून बघू?"
सगळे हसले. ते हसले नाहीत.
मग जिन्यात मला एकटीला:
"काजळी नव्हती पण. भिंत अशी, की टेकावं वाटलं."

शेवटी गॅसच ठरला.
तळाशी विजेच्या चार कांड्या,
आणि कडेला एक आंधळं तोंड,
झाकण ठोकून बंद केलेलं,
पुढेमागे तो पाइप आलाच तर.
तोंडाचे नऊ लाख वेगळे.
शेठचं पेन तिथे थांबलं.
"नाहीच आला तर?"
माझ्याकडे आकडा नव्हता.
म्हटलं, पेटत्या भट्टीला मागाहून भोक पाडता येत नाही,
मुल्लाणी सांगतात.
पेन थोडं घुटमळलं. मग सही.

वीस मार्चच्या रात्री बर्नर बंद केले.
तोवर आम्हाला कळलंच नव्हतं
आपण एकमेकांशी केवढ्याने बोलतो ते.
मुल्लाणींनी चष्मा काढला, फडक्यात गुंडाळला,
आणि सवयीने माझ्या कानाशी येऊन ओरडले,
"ऐकू येतंय का?"
येत होतं.
आत काळोखात
एकेक वीट तडकत होती.